उंदरांनी नेलेला दोरा

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी घरात जाहीर केलं की ट्रकचा पंप मी बसवणार. घरात म्हणजे बायको ओक्बुन, सासूबाई आणि मांजर. तिघांपैकी फक्त मांजराने मान वर केली.

झालं असं की दुपारी ओक्बुन हान्चीची खिंड उतरून आली ती घामाने निथळत. ऑक्टोबरात आमच्याकडे घाम येत नाही. खिंडीतल्या वळणावर स्टिअरिंग एकाएकी दगड झालं. दोन्ही हात आणि एक गुडघा लावून तिने ते धूड घरी आणलं. धूड म्हणजे आमचा निळा एक टनी ट्रक. मागच्या हौद्यात मीठ, अंडी, टोफू, साबण, मोजे, झुरळाचं औषध, सगळं दुकान. डोंगरातल्या खेड्यांत आता एकेकट्या म्हाताऱ्या उरल्या आहेत आणि त्यांचा बाजार म्हणजे ओक्बुनचा ट्रक.

मेंग मिस्त्री येऊन बघून गेला. पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला म्हणाला. या जुन्या मॉडेलला नवा मिळणं कठीण, आणि त्याच्याकडे सध्या अख्ख्या तालुक्याचे ट्रॅक्टर रांगेत आहेत. जाताना तो माझ्याकडे वळून काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात ओक्बुनने त्याच्या हातात पर्सिमन फळांची पिशवी दिली आणि त्याला फाटकापर्यंत जवळजवळ ढकलत नेलं. माणुसकी आहे तिच्यात.

मग ती म्हणाली, "विकून टाकू. जेचॉनचा एक माणूस कधीपासून विचारतोय. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ये म्हणते."

"एका पंपासाठी?"

"अहो, हिवाळ्यासाठी कोबी मिठात घालून किमची करायचे दिवस आले. आता मी गेले नाही तर आज्या दुसऱ्या गाडीचं मीठ घेतील. आणि मीठ एकदा दुसऱ्याचं घेतलं की माणूस परत येत नाही."

ट्रक विकला की इंचॉन शहरात मुलाच्या फ्लॅटवर जायचं, हे ठरलेलंच आहे. एकोणिसावा मजला. तिथे सोफ्याच्या कुठल्या टोकाला बसायचं हे मला सूनबाई सांगेल. माझं ठीक आहे, मला बसायची सवय आहे. पण ओक्बुन? ती घरात चार शब्द बोलते आणि खेड्यांत म्हणे इतकी मोठ्याने हसते की पलीकडच्या शेतातून लोक 'दुकान आलं' म्हणून निघतात. हे मी ऐकलंय. प्रत्यक्ष ते हसू मी कधी ऐकलेलं नाही.

म्हणून म्हटलं, पंप मी बसवतो.

माझी पात्रता लिहून ठेवतो. मी विमा कचेरीत मोटारींच्या दाव्यांच्या खात्यात होतो. 'पॉवर स्टिअरिंग पंप' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की झोपेत लिहीन. दावा फेटाळताना माझं आवडतं कारण 'मालकाचा देखभालीतील हलगर्जीपणा' हे असे. पंप लांबट असतो की गोल, हे मात्र आज मिस्त्रीने बोट दाखवलं तेव्हा कळलं. गोल असतो, साधारण.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आमच्या ट्रकचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलायची म्हणजे खालचा खटका सोडून दोन्ही हातांनी ती वर रेटायची. सकाळी ओक्बुन एका हाताने ते करायला बघत होती. मी विचारलं, "काही हरवलंय का?" ती म्हणाली, "नाही," आणि आत गेली. एका हाताने सीट उचलते म्हणे. कामाचा आळस माणसाला कुठे नेतो.

सीटखाली दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे स्टिअरिंगच्या तेलाच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग. बाई पापडाला तेल लावावं तसं हे तेल ओतत होती. एवढं तेल जातं कुठे, हा प्रश्न मी कचेरीत असतो तर नक्की विचारला असता.

दुसरी म्हणजे आमचा सुका मासा. दीड वर्षापूर्वी हा ट्रक घेतला त्या दिवशी रीतीप्रमाणे चाकांवर माकॉली, म्हणजे तांदळाची दारू, ओतली, आणि पांढऱ्या सुताची अख्खी लड गुंडाळलेला सुका मासा मी स्वतःच्या हाताने इंजिनाशेजारी बांधला. मासा मेला तरी डोळे मिटत नाही म्हणून राखण करतो, आणि सूत लांब म्हणून गाडीचं आयुष्य लांब. माझी निवृत्ती त्याच आठवड्यातली. या ट्रकसाठी मी केलेलं ते एकमेव काम. मासा अजून तिथेच होता, तोंड वासून, अंगावर काळं तेल. सूत मात्र गायब.

जेवताना विचारलं, "माशाचा दोरा कुठे गेला?"

ओक्बुन भाताकडे बघत म्हणाली, "उंदरांनी नेला असेल."

असेल. कचेरीत कुणी उंदरांचं नाव घेतलं की मी दावा डोळे मिटून फेटाळायचो. माझा अनुभव असा की उंदीर हे खोटं बोलणाऱ्याचं पाळीव जनावर. पण घरच्या माणसावर विश्वास ठेवायला हवा. मांजराला मात्र चार शब्द सुनावले.

मेंगकडून पुली ओढायचं हत्यार मागून आणलं, पण जुना पंप पुलीसकटच निघाला. तो इतका घाण होता की न बघताच पोत्यात टाकून पडवीत फेकला. मेलेल्याचं तोंड काय बघायचं?

१५ ऑक्टोबर, रविवार

येऑमबाईंच्या भंगाराच्या आवारात गेलो. सत्तरीच्या बाई, अंगात नवऱ्याचं लष्करी जाकीट, पायात फुलाफुलांचे गमबूट.

"पंप?" त्या म्हणाल्या. "आहे ना. भाजलेली रताळी विकणाऱ्याच्या ट्रकचा. ट्रक दरीत गेला, पण पंपाची काही चूक नव्हती."

त्यांनी आतून किमचीचा एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. झाकण उघडलं तर आत पंप होता, पण सुटा. मोठे तुकडे, छोटे तुकडे, आणि सर्वांना लसणाचा वास.

"हा जोडलेला नाही."

"मुलाने सील बदलायला उघडला आणि लग्न करून सोल शहरात निघून गेला. सगळे तुकडे आहेत."

"कशावरून?"

"साहेब, डब्याला झाकण आहे की नाही? मग जातील कुठे?"

असा युक्तिवाद कचेरीत आला असता तर मी दावा मंजूर केला असता. बदल्यात त्यांनी बटाट्याचं एक पोतं मागितलं, आणि डबा परत हवा असं तीनदा बजावलं. पंपापेक्षा डब्यात त्यांचा जीव जास्त होता.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

तालुक्याच्या गावातून सीलचा नवा संच आणला. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि बसलो. पंपाच्या आत एक खाचांची फिरकी असते. प्रत्येक खाचेत नखाएवढं लोखंडी पातं सैल बसतं. फिरकी फिरली की पाती बाहेर फेकली जातात आणि तेल रेटतात. इतकंच. आणि एवढ्याशा त्या यंत्राला मी आयुष्यभर 'सुटा भाग' म्हणत आलो.

सगळी पाती उलटी बसवली. गोल कड बाहेर यायला हवी, मी चपटी बाहेर ठेवली. काढून पुन्हा बसवली तेव्हा एक पातं कमी भरलं. मग झडपेची स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली. मी पालथा पडून कालथ्याने ती ओढत असताना ओक्बुन आली.

"अहो, वरच्या फळीवरचं पातेलं काढून द्या."

"दिसत नाही का मी कामात आहे? हात वर केला की लागेल."

ती म्हणाली, "राहू दे," आणि लहान भांड्यात सूप केलं. सगळ्यांना अर्धी अर्धी वाटी आली. हल्ली तिला प्रत्येक गोष्ट हातात लागते. केसही डाव्या हाताने विंचरते, फॅशन असावी. घरभर कापूर-पुदिन्याच्या वेदनेच्या पट्ट्यांचा वास मारतो, तो सासूबाईंच्या गुडघ्यांचा. म्हातारपण वाईट.

१८ ऑक्टोबर, बुधवार

पातं सापडलं. सासूबाईंनी ते जमिनीवरून उचलून बटणांच्या डब्यात टाकलं होतं.

"आई, हे बटण वाटलं तुम्हाला?"

"भोकं नव्हती, म्हणून म्हटलं नवीन असेल."

त्यांना एक्याऐंशी वर्षं झाली आहेत आणि त्या माझ्याशी अजून मी कालच मागणी घालायला आल्यासारख्या वागतात.

संध्याकाळपर्यंत पंप जुळला. हाताने फिरवला तर फिरला. एवढा आनंद मला निवृत्तीच्या घड्याळाचाही झाला नव्हता. पंप उशाशी घेऊन झोपायचा विचार होता, ओक्बुनने तो बाहेर ठेवायला लावला.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पंप बसला. बोल्ट, पट्टा, नळ्या, सगळं. एक बोल्ट उरला. तो कुठला हे कळेना, म्हणून खिशात ठेवला.

नव्या तेलात हवा राहिली तर पंप रडतो, म्हणून पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहायचं असतं. ओक्बुन स्टिअरिंगवर बसली, मी तेलाच्या डब्यावर डोळा ठेवून उभा.

"डावीकडे. पूर्ण. आता उजवीकडे. अगं, जोर लावून. झोपलीस का?"

"लावतेय."

"दोन हात दिलेत देवाने."

ती डाव्या हातानेच फिरवत राहिली, उजवा मांडीवर. बुडबुडे आले, मग कमी झाले. इंजिन चालू केलं तेव्हा पंप जरा कुईकुई केला आणि गप्प झाला. स्टिअरिंग असं हलकं झालं की करंगळीने फिरावं. ओक्बुनने ते खरंच करंगळीने फिरवलं आणि बराच वेळ समोर बघत बसली. मला वाटलं ती शाबास म्हणेल. ती म्हणाली, "धूळ गेली डोळ्यात."

सासूबाई नवा सुका मासा घेऊन आल्या. त्यावर पांढऱ्या सुताची लड, या वेळी दुप्पट.

"जावईबापू, मागच्या वेळी तुम्हीच बांधला होता ना? नीट बांधा. निसटला म्हणून हे झालं."

ओक्बुन घाईने म्हणाली, "आरशाला टांगू या, समोर."

"आरशाला मासा टांगून फिरणारे लोक बघितलेस? हसतात सगळे."

"मग मागे. मिठाच्या पोत्यावर."

"राखण इंजिनाची करायची आहे, मिठाची नाही."

"अहो, पण तिथे..." ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मी विजयी वीर होतो ना. मला शहाणपण शिकवायची ही वेळ नव्हती, हे तिला कळलं असावं. मी मासा पंपाच्या अगदी शेजारी बांधला, सुताचे चांगले भरघोस वेढे देऊन.

२२ ऑक्टोबर, रविवार

काल ओक्बुनने पहिली फेरी केली. आली ती थेट, घाम न येता. खिंडीपलीकडच्या पामगोल खेड्यातल्या आजीने माझ्यासाठी मुळ्याची किमची पाठवली. पंप बसवणाऱ्यासाठी, असा निरोप. मी मेंग मिस्त्रीला हत्यार परत करायला गेलो आणि तिथे जरूरीपेक्षा जास्त वेळ थांबलो. ट्रॅक्टरवाल्या दोघांना पात्यांची गोल कड कुठे असावी हे समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

मेंग म्हणाला, "बांगसाहेब, जुना पंप उघडून बघितलात का?"

"कशाला? गेलेला होता तो."

"नाही, सहज," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरखाली शिरला.

जेचॉनच्या माणसाला येऊ नको म्हणून कळव, असं मी ओक्बुनला सांगितलं. ती म्हणाली, येऊ दे, बघू दे. बाईचा माझ्यावर भरवसा बसायला वेळ लागणार.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ट्रकखाली तेलाचं थारोळं.

पंप रडतोय. स्टिअरिंग पुन्हा जड. मी कारणं लिहून काढली. येऑमबाईंचा पंपच नासका, सीलचा संच हलका, तेल भेसळीचं, रताळेवाल्याने ट्रक कसाही चालवलेला. 'देखभालीतील हलगर्जीपणा' हे कारण सुचलं नाही. ते नेहमी दुसऱ्यांचंच असतं.

येऑमबाईंना फोन केला.

"बाई, पंप गळतोय."

"चारच दिवसांत? साहेब, तुमच्या ट्रकला पंप खायची सवय आहे का?"

"मी नीट जोडला होता."

"नीट जोडला असता तर गळला नसता. डबा कधी आणताय?"

ओक्बुनला सांगितलं तेव्हा ती किमचीसाठी मिरच्यांची देठं काढत होती, डाव्या हाताने. ती चिडली नाही. नुसती म्हणाली, "राहू दे हो. तुम्ही पुष्कळ केलंत. रविवारी तो माणूस येतोच आहे."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. 'तुम्ही पुष्कळ केलंत' हे मला निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीही सांगितलं होतं, आणि लगेच माझ्या खुर्चीवर आपली टोपी ठेवली होती.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

पंप पुन्हा उतरवला. मेंगने काही न विचारता पुन्हा हातात दिलेल्या हत्याराने पुली ओढून काढली आणि तिच्या मागे बघितलं.

दांड्याभोवती पांढरा दोरा होता. करकचून, फेऱ्यावर फेरा, तापून काचेसारखा कडक झालेला. पुली फिरताना तो आत आत ओढला गेला होता आणि नव्या सीलची कड कापून आत शिरला होता. वर बघितलं तर मासा तोंड वासून माझ्याकडे बघत होता. अंगावर निम्मीच लड.

पहिला विचार आला तो लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. मनात म्हटलं, सासूबाईंनी सूत हलकं आणलं.

मग पडवीत जाऊन पोत्यातला जुना पंप काढला. त्यालाही तेच हत्यार लावलं. पुली निघाली. तिच्या मागे दोरा होता, काळाकुट्ट, दीड वर्षाचा.

उंदीर नव्हते. आमच्या घरात उंदीर नाहीतच, आमच्याकडे मांजर आहे.

मी पडवीत बसून राहिलो. दोरा, बाटल्या, डावा हात, वरच्या फळीवरचं पातेलं. इतकी वर्षं लोकांच्या चार ओळी वाचून अपघात कुणामुळे झाला हे सांगायचा मी पगार घेतला, आणि माझ्या डोळ्यांसमोर दीड वर्ष चाललेला अपघात मला दिसला नाही.

सासूबाई पडवीत आल्या. मी विचारलं, "आई, त्या कापूर-पुदिन्याच्या पट्ट्या तुम्ही गुडघ्याला लावता ना?"

"मी? मला ते चिकटतं, खाजतं. मी कधी लावल्या?"

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी ओक्बुनपुढे दोन्ही दोरे ठेवले, काळा आणि पांढरा. ती चहा पीत होती. कप खाली ठेवला.

"कधीपासून जड होतं?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी किमचीच्या दिवसांपासून."

"तुला माहीत होतं का हे?"

"मेंगने तेव्हाच सांगितलं. म्हणाला, पुलीत दोरा गेलाय, तेल हळूहळू जात राहणार. कुठल्या शहाण्याने इथे लड बांधली? मी म्हटलं, उंदीर."

"उंदीर लड बांधतात?"

"तोही हेच म्हणाला."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. "मग तेव्हाच दुरुस्त का नाही करून घेतलास?"

"पंप उघडला असता तर दोरा निघाला असता, आणि तुम्ही तिथेच उभे असता." तिने कप फिरवला. "तुमची नोकरी सुटून सहा महिने झाले होते. दिवसभर खिडकीत बसायचात. त्या ट्रकचं एकच काम तुम्ही केलं होतं. म्हटलं, तेल ओतलं की चालतंय ना."

"आणि खांदा?"

"स्टिअरिंगच आहे ते. फिरवत राहायचं. फिरवलं की फिरतं."

तिचा उजवा हात खांद्यापर्यंतसुद्धा वर जात नाही. मी तिला तो वर करून दाखवायला लावला, आणि ती अर्ध्यावर दात आवळून थांबली. मग मला रडू आलं. आजपर्यंत मी तिच्यासमोर रडलो नव्हतो. सासूबाई आतून म्हणाल्या, "कांदा चिरताय का कुणी?" आणि बाहेर आल्या नाहीत. त्या दिसतात तशा नाहीत.

"या वेळी का बोलली नाहीस?" मी नंतर विचारलं.

"तुम्ही स्वतःच उघडणार म्हणालात. वाटलं, दिसेलच. तर तुम्ही न बघताच पोत्यात टाकलात. मासा बांधतानाही सांगणार होते. पण तुम्ही इतके खुशीत होतात. म्हटलं, जाताना मीच काढून टाकीन. मग ती सीट काही मला उचलेना."

दुपारी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, खांद्याचा स्नायू फाटला आहे. हिवाळ्यात शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि तोपर्यंत गाडी चालवायची नाही. येताना ती बसमध्ये म्हणाली, "बघा, आता विकायलाच हवा."

मी सीलचा दुसरा संच घेऊन आलो होतो. तो खिशातच धरून बसलो.

२८ ऑक्टोबर, शनिवार

दोरा कापून काढला. दांडा घासून गुळगुळीत केला, नवं सील बसवलं, पाती गोल कड बाहेर ठेवून. पंप बसवला तेव्हा उरलेल्या बोल्टची जागाही सापडली. हवा काढायला स्टिअरिंगवर मीच बसलो आणि ओक्बुनला तेलाच्या डब्यापाशी उभं केलं.

"डावीकडे," ती म्हणाली. "पूर्ण. अहो, झोपलात का? दोन हात दिलेत देवाने."

पंप रडला नाही.

येऑमबाईंचा किमचीचा डबा तीनदा धुतला. वास गेला नाही, पण आता तो पंपाचा आहे.

२९ ऑक्टोबर, रविवार

जेचॉनचा माणूस आला. बारीक, हसतमुख, हातात संत्र्यांची पेटी. त्याने ट्रकला फेरी मारली, आत बसून स्टिअरिंग फिरवलं आणि म्हणाला, "वा, लोणी आहे." मला अभिमान वाटायला हवा होता. मला त्याला हात धरून खाली उतरवावंसं वाटत होतं.

"मग ठरवू या?" त्याने विचारलं.

ओक्बुनने माझ्याकडे बघितलं. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण होतं, नवरा-बायको, कर्तव्य, खेड्यातल्या वृद्धा वगैरे. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

मी म्हणालो, "मला खिंडीत गाडी मागे घेता येत नाही. पण पुढे चालवता येते."

ओक्बुनने संत्र्यांच्या पेटीवर हात ठेवला. मग त्या माणसाला म्हणाली, "माफ करा हां. चालवणारा मिळालाय. पगार मागत नाही. संत्री राहू द्या, मी बदल्यात अंडी देते."

मासा बांधायला सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही. स्वतः हौद्यात चढल्या आणि मागे, मिठाच्या पोत्याच्या वर, सुईदोऱ्याने शिवून टाकला.

१ नोव्हेंबर, बुधवार

हान्चीची खिंड चढलो. दोन वळणांवर मी गिअर चुकलो, एकदा वायपर लावले. ओक्बुन शेजारी बसून सांगत होती: इथे हॉर्न, इथे हळू, हे कुत्रं चावत नाही पण तसं वाटू देतं. स्टिअरिंग करंगळीने फिरत होतं. दर वळणाला माझ्या मनात यायचं की हे वळण तिने वर्षभर कसं घेतलं असेल, आणि ते मनात आलं की मी गिअर चुकायचो.

पामगोलला पोचलो तेव्हा आजी रस्त्यावरच उभी होती, डोक्याला रुमाल, हातात रिकामी परात. मी खाली उतरलो आणि कमरेत वाकून नमस्कार केला, कचेरीत करायचो तसा.

"हे कोण?" तिने ओक्बुनला विचारलं.

"घरचे."

"असं." आजीने मला टाचेपासून टाळूपर्यंत बघितलं. "मग बाबा, ते उंदीर कमी झाले का तुमच्याकडचे?"

ओक्बुन एकदम अंड्यांचे ट्रे लावायला लागली. म्हणजे हिने मेंगलाच नाही, सगळ्या डोंगराला सांगितलं होतं. वर्षभर प्रत्येक म्हातारीने स्टिअरिंग का जड म्हणून विचारलं असणार आणि हिने प्रत्येकीला उंदीर सांगितला असणार. आणि एकीनेही त्यावर विश्वास ठेवलेला नव्हता, हे आजीच्या तोंडावर स्पष्ट होतं.

मी म्हणालो, "एकच आहे, आजी. आता ही त्याला गाडीत घेऊन फिरते."

"बरं करते," आजी म्हणाली. "घरात ठेवला की कुरतडतो. मिठाचं पोतं उचलता येतं का त्याला?"

मी पोतं खांद्यावर घेतलं. आणि माझ्या पाठीमागे ओक्बुन हसली, पोटातून, परातीवर हात आपटून, न थांबता. पलीकडच्या कोबीच्या शेतातून एका म्हातारीने मान वर केली आणि ओरडून विचारलं, "दुकान आलं का गं?"